सही कोणाची, संमती कोणाची?

प्रति,
महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या एथिक्स कमिट्या, पीएच.डी. व लघुप्रबंधांचे मार्गदर्शक,
आणि सचिव, दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र शासन यांस

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या कार्यशाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ येऊन पडली. कार्यशाळा म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांची संरक्षित कार्यशाळा. माझा धाकटा भाऊ तिथे कागदी पिशव्या आणि फाइली बनवतो. पीडीएफमध्ये पालकांच्या मानसिक ताणावरची प्रश्नावली होती आणि खाली मजकूर: "संस्थाप्रमुखांची परवानगी घेतलेली आहे. सर्व पालकांनी शुक्रवारपर्यंत भरून द्यावी. सहकार्य करावे." संमतीपत्र नाही, संशोधकाचा फोन नंबर नाही, आणि ज्यांच्यामुळे आम्हाला हा ताण आहे असं गृहीत धरलंय, त्या कामगारांसाठी एक ओळही नाही. ग्रुपवर लगेच अंगठ्यांची रांग लागली.

मी फॉर्म भरला नाही. तसं कार्यशाळेला कळवलं आणि हे पत्र लिहायला बसले. ते केंद्र कोणतं, संस्था कोणती, हे मुद्दाम सांगत नाही. एकाला धरायचं आणि बाकीच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकायचा, असं मला नको आहे. ही रीत सगळीकडची आहे हे तुम्हालाही ठाऊक आहे.

माझा भाऊ ३७ वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे. वडील गेले, आई सत्तरीच्या पुढे आहे. आईनंतर तो माझ्याकडे येणार हे आमच्या घरात कोणी कधी बोलून ठरवलेलं नाही, पण ठरलेलं आहे. तो बालवाडीच्या वयाचा होता तेव्हापासून आमच्याकडे संशोधक येतात. मानसशास्त्राचे, समाजकार्याचे, विशेष बी.एड.चे, नर्सिंगचे. चहा होतो, आई पदराने डोळे टिपते, फॉर्म भरला जातो. त्याचा बुद्ध्यांक, आईचं शिक्षण, वडिलांचा पगार, लग्न नात्यातलं होतं का, पहिल्यांदा कळलं तेव्हा काय वाटलं. एका फॉर्मात तर भावंडांच्या लग्नात अडचण आली का, असा रकाना होता. मी तेव्हा दहावीत होते. आईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि 'लागू नाही' असं लिहिलं.

या पत्रात त्याचं नाव घालू का, असं मी त्याला विचारलं. "नको" म्हणाला. म्हणून नाव नाही.

आधीच सांगते, संशोधनाला माझा विरोध नाही. उलट आम्हाला ते तुमच्यापेक्षा जास्त हवं आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेल्या बाळाचं सरासरी आयुर्मान साधारण १२ वर्षं होतं. आज प्रगत देशांत ते ६० च्या घरात आहे. हे आपोआप घडलेलं नाही. हृदयाच्या शस्त्रक्रिया, थायरॉइडच्या तपासण्या, छातीच्या संसर्गावरची औषधं आणि मुलांना संस्थेत टाकण्याऐवजी घरी वाढवण्याचा निर्णय, या सगळ्यामागे कोणीतरी केलेला अभ्यास आहे. माझा भाऊ त्या अभ्यासाचा लाभार्थी आहे, आणि म्हणूनच इथे जे चाललंय ते बघून चीड येते.

सगळ्यात मोठा आक्षेप संमतीचा आहे, आणि त्यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. कलम ६, उपकलम २. दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचं तर दोन गोष्टी लागतात. त्या व्यक्तीला समजेल अशा मार्गाने आणि स्वरूपात माहिती देऊन घेतलेली तिची स्वतःची मुक्त संमती, आणि सरकारने नेमलेल्या दिव्यांगत्व संशोधन समितीची पूर्वपरवानगी. या समितीतले किमान निम्मे सदस्य स्वतः दिव्यांग किंवा नोंदणीकृत संघटनांचे असले पाहिजेत, आणि पालकांची संघटनाही त्यात धरली आहे. कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. संस्थाप्रमुखांच्या सहीचा त्या कलमात कुठे उल्लेख नाही.

अठरा वर्षं पूर्ण झालेल्या माणसाच्या वतीने हवा तो माणूस सही करू शकत नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ प्रमाणे कायदेशीर पालक नेमायचा तर अर्ज जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या स्थानिक स्तर समितीकडे जातो. २०१६ च्या कायद्याने तर आणखी पुढे जाऊन दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे असं म्हटलं, आणि पालकत्व मर्यादित केलं: निर्णय पालक आणि ती व्यक्ती या दोघांनी मिळून, परस्पर विश्वासाने घ्यायचा. मुख्याध्यापक, अधीक्षक, संस्थाचालक यांना यातलं काहीही लागू होत नाही. ते तुम्हाला फाटक उघडून देऊ शकतात. आतल्या माणसांचा होकार त्यांच्या खिशात नसतो.

तुम्ही म्हणाल, पालक तर आनंदाने भरतात, कोणी नाही म्हणत नाही. ते का म्हणत नाहीत, यावर एखादा लघुप्रबंध करा. आमच्या जिल्ह्यात अठराच्या पुढच्यांसाठी चालणाऱ्या कार्यशाळा हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतात. जागेसाठी यादी असते. ज्या सरांनी तुमच्या पोराला जागा दिली, त्यांच्याच सहीने कागद येतो आणि 'सहकार्य करावे' म्हणतो, तेव्हा कोणती आई नाही म्हणेल? उद्या पोरगा घरी बसला तर तिचं कामाला जाणं बंद होतं.

हे नवीन नाही. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर विलोब्रुक स्टेट स्कूल नावाची बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची प्रचंड संस्था होती. १९५६ पासून साधारण दीड दशक सॉल क्रुगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस अभ्यासला. त्यासाठी मुलांना मुद्दाम लागण केली. आजारी मुलांच्या विष्ठेतून मिळवलेला विषाणू पाजून. यावर त्यांचं उत्तर असं की मुलांना तिथे कावीळ एरवीही झालीच असती, आणि पालकांच्या सह्या आमच्याकडे आहेत. सह्या खरोखर होत्या. पण १९६४ च्या सुमाराला गर्दीमुळे संस्थेचे नवे प्रवेश थांबले आणि संशोधनाच्या वॉर्डाचा दरवाजा तेवढा उघडा राहिला. मूल सांभाळून थकलेल्या बापाने त्या दरवाज्यात केलेल्या सहीला संमती म्हणायचं का, यावर पुढे अमेरिकेत अनेक वर्षं वाद चालला. या संशोधनातून विज्ञानाला काही मिळालं नाही असं नाही. काविळीचे दोन वेगळे प्रकार आहेत हे स्पष्ट होण्यात त्याचा वाटा आहे.

स्वीडनमधल्या लुंड इथल्या विपेहोल्म संस्थेची गोष्ट तर आपल्या सगळ्यांच्या तोंडात आहे. १९४० च्या दशकात तिथल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या रहिवाशांना दात किडेपर्यंत चिकट टॉफ्या खायला घातल्या. दोन जेवणांच्या मध्ये चिकट गोड खाऊ नका, असं तुमच्या मुलाला डेंटिस्ट सांगतो ना, त्या सल्ल्यामागे त्या माणसांचे दात आहेत. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

आपल्याकडची एक आठवण सांगते. ती संशोधनाची नाही, पण परवानगीची आहे. १९९४ मध्ये शिरूरच्या निवासी संस्थेतल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. पाळीच्या काळात त्यांना स्वतःची स्वच्छता ठेवता येत नाही, हे कारण. राज्यभर स्त्री-संघटना उठल्या, तेव्हा ते थांबलं. तिथेही ज्यांच्या ताब्यात त्या मुली होत्या त्यांचा होकार होताच.

प्रश्नावली म्हणजे काही टॉफी किंवा शस्त्रक्रिया नव्हे, मान्य. पण आपल्या नियमांनीही नेमकी हीच पळवाट ठेवली आहे. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार, शरीरावर परिणाम होणार असेल तरच दिव्यांग व्यक्ती 'संशोधनाचा विषय' ठरते. म्हणजे संसदेने कलमात 'कोणतंही संशोधन' म्हटलं आणि नियमांनी त्यातून मुलाखती, निरीक्षणं, फोटो, घरच्या गोष्टी सगळं बाहेर काढलं. आमच्या दारात येणारं जवळजवळ सगळं संशोधन याच बाहेर काढलेल्या प्रकारातलं आहे. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची नीतितत्त्वं आरोग्यविषयक सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनालाही लागू आहेत, ती तुमच्या कमिट्यांना पाठ असतील. मग विशेष बी.एड.चा लघुप्रबंध किंवा एम.एस.डब्ल्यू.चा प्रोजेक्ट कोणत्या कमिटीपुढे जातो, हे एखाद्या मार्गदर्शकाने उघडपणे सांगावं. (राग येणार असेल तर येऊ दे.)

यापुढचा मुद्दा कोणाला विचारलं जातं याचा. एकदा घरी एक संशोधक बाई आल्या. भावाने पाण्याचा तांब्या-भांडं आणून ठेवलं, त्यांना "घ्या" म्हणाला आणि समोरच्या खुर्चीत बसला. बाईंनी आईला विचारलं, "ह्याला बोललेलं कितपत कळतं?" तो त्यांच्याकडेच बघत होता. पुढे प्रश्न आला: तुमच्यानंतर याचं काय, याची काळजी वाटते का, कधीच नाही, कधीकधी, नेहमी. आई काही बोलायच्या आत तो म्हणाला, "मी ताईकडे." बाई हसल्या, 'नेहमी'वर खूण केली. त्याचं उत्तर लिहायला रकानाच नव्हता.

आणि खरं सांगायचं तर ताईलाही रकाना नव्हता. ताईच्या दोन खोल्या, ताईची नोकरी, ताईच्या सासूबाई, ताईला स्वतःला काय वाटतं, हे कोणी कधी विचारलं नाही. बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने नव्वदच्या दशकात कुटुंबाच्या गरजा जाणून घेणारी जी अनुसूची, म्हणजे प्रश्नावली, तयार केली, तिच्यात आईवडील, भावंडं आणि आजी-आजोबा यांचे वेगवेगळे भाग होते. म्हणजे हे कोणाला सुचलंच नव्हतं असंही नाही. तरी आमच्या दारी आजतागायत फक्त आईचा फॉर्म आला.

मग विचारतात काय? ओझं. परवाच्या पीडीएफमध्येही तेच होतं. झारिट यांची मोजपट्टी १९८० मधली, स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या घरच्यांसाठी बनवलेली. पै आणि कपूर यांची अनुसूची १९८१ मधली, बंगळुरूची, मनोरुग्णांच्या कुटुंबांसाठी. दोन्ही आपापल्या जागी चांगल्या आहेत. पण सहा वर्षांच्या मुलाच्या आईला म्हाताऱ्या आईवडिलांच्या आजारपणासाठी बेतलेले प्रश्न विचारून तिच्या ताणाला गुण देणं, हे कोणत्या गाइडला पटतं? एका प्रश्नात त्याच्या वागण्याची लाज वाटते का, असं विचारलेलं असतं. बसला रॅम्प नाही, कंडक्टर सवलतीचा पास तिघांसमोर हलवून बघतो, सोसायटीच्या लिफ्टमध्ये लोक मुलांना मागे ओढतात, याचा ताण कुठे मोजता? तो सगळा आमच्या पोराच्या नावावर चढतो, आणि प्रबंधाचा निष्कर्ष निघतो की बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या मातांमध्ये ताण जास्त असतो. हे तर आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदारानेही सांगितलं असतं, तेही फॉर्म न भरता.

मोजण्याचा विषय निघालाच आहे तर एक बाजूला पडलेली गोष्ट. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडकडच्या मराठी आणि कानडी मुलांवर काम करून बिने या बुद्धिमापन चाचणीचं भारतीय रूप तयार केलं, ते १९३० च्या दशकात. ए. जे. मलिन यांनी १९६० च्या दशकात नागपुरात मुलांची बुद्धिमापन चाचणी बेतली. सामाजिक परिपक्वता मोजण्याची वाइनलँड मोजपट्टीही त्यांनीच भारतीय मुलांसाठी जुळवून घेतली. मराठी मुलखाने या विषयात केलेलं हे काम मोठं होतं आणि त्याचा मला अभिमान आहे. माझ्या भावाच्या सर्टिफिकेटच्या वेळी सिव्हिलमध्ये कपाटातून निघाली ती कामतांच्या चाचणीचीच पेटी. ज्या मुलांवरून ती प्रमाणकं ठरली त्यांची नातवंडंही आता नोकरीला लागली असतील. राज्यातल्या मानसशास्त्र विभागांनी हे काम पुढे नेण्यासाठी किती विद्यार्थी लावले, आणि ओझं मोजायला किती लावले, याचा हिशेब तुमच्याच दप्तरात आहे.

वयाचंही तसंच. २०१८ मध्ये देशातल्या पाच ठिकाणच्या मुलांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपलं शेजारचं उत्तर गोवा त्यात होतं. २ ते ९ वर्षांच्या मुलांमध्ये साधारण आठात एकाला मेंदूच्या वाढीशी संबंधित कुठली ना कुठली अडचण आढळली. काम दारोदार जाऊन, डॉक्टरांकडून तपासून घेऊन केलेलं. असं हवं. पण ती मुलं अठराची, तिशीची, चाळिशीची होतात तेव्हा कुठे जातात? २०११ च्या जनगणनेत बौद्धिक अक्षमता असलेले सुमारे १५ लाख लोक मोजले गेले. ते सगळे नऊ वर्षांच्या आतले नव्हते.

मला आज जे कळायला हवंय ते असं. गेल्या काही महिन्यांपासून भाऊ फाइलची घडी उलट्या बाजूला घालतो. हेच काम तो नव्या मुलांना शिकवायचा. चुकलं की पूर्वी स्वतःवर हसायचा, आता फाइल टेबलाखाली ढकलतो. डाउन सिंड्रोममध्ये २१ वं गुणसूत्र तिहेरी असतं, आणि अल्झायमरशी संबंध असलेलं एपीपी जनुक त्याच गुणसूत्रावर आहे. चाळिशीपर्यंत जवळपास सगळ्यांच्या मेंदूत त्या आजाराच्या खुणा दिसू लागतात. लक्षणं मात्र सगळ्यांना एकाच वेळी येत नाहीत. मग हे ते आहे, की थायरॉइड आहे, की कमी ऐकू येतंय, की वडील गेल्याचं दुःख? डॉक्टरांनी त्याला आजची तारीख विचारली आणि शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. ते त्याला विसाव्या वर्षीही येत नव्हतं. माणसाची तुलना त्याच्याच आधीच्या कुवतीशी करणाऱ्या, घरच्यांकडून माहिती घेणाऱ्या चाचण्या जगात आहेत. आम्हाला मराठीत भरता येईल अशी एकही मिळाली नाही. त्याच्या बालपणापासूनचे इतके फॉर्म भरले. त्यातला एक तरी जपून ठेवला असता तर आज तुलनेला उपयोगी पडला असता. हा विषय कोणाला पीएच.डी.ला हवा असेल तर आमचं घर उघडं आहे. भावाला विचारून.

निकाल परत येत नाहीत, हे तर इतकं रुळलंय की लिहितानाही संकोच वाटतो. शोधगंगेवर, म्हणजे देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध ठेवलेल्या संकेतस्थळावर, शोध घ्या, आमच्या मुलांविषयीचे प्रबंध पानांमागून पानं निघतात, बहुतेक इंग्रजीत. आईने ज्यांना उत्तरं दिली त्यातल्या एकीनेही पुन्हा येऊन 'काकू, असं असं निघालं' म्हणून सांगितलं नाही. एक गोष्ट मात्र परत आली. एका परिषदेतल्या पोस्टरचा फोटो कोणीतरी फेसबुकवर टाकला होता, त्यात माझा भाऊ रंगकाम करताना दिसत होता आणि चेहऱ्याशेजारी त्याचा बुद्ध्यांक छापलेला होता. तो फोटो कार्यशाळेच्या दिवाळी प्रदर्शनासाठी काढलेला होता.

संशोधनाच्या नावावर धंदा करणाऱ्यांवर दोनच वाक्यं, कारण ते तुमच्यापैकी नाहीत पण तुमचं नाव वापरतात. ऑटिझमवर स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही आणि त्याचा प्रचार हा व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळाने २०२२ मध्ये सांगितलं; तरी 'आधुनिक संशोधनावर आधारित' म्हणत लाखांची पॅकेजं विकली गेली, पालकांनी दागिने मोडले, आणि विद्यापीठांतला तज्ज्ञवर्ग जाहीरपणे फार थोडा बोलला.

हे सगळं नीट करता येतं, आणि ते करणारे आम्ही पाहिले आहेत. मध्यंतरी ऑक्युपेशनल थेरपीची एक विद्यार्थिनी कार्यशाळेत आली. तिच्याकडे चित्रांची कार्डं होती: बोलणं, रेकॉर्डर, थांबा, घरी जाणं. प्रत्येकापाशी बसून तिने स्वतः विचारलं. माझ्या भावाने कार्डं बघितली आणि 'थांबा'चं कार्ड तिच्या हातात परत दिलं. ती "बरं" म्हणून पुढच्या टेबलाकडे गेली. पुढच्या खेपेला त्यानेच तिला हाक मारली आणि एसटीने एकट्याने येताना काय होतं ते भरपूर सांगितलं: पायरी उंच असते, कुठला स्टॉप आला ते ओरडून सांगत नाहीत, सुट्टे पैसे नसले की भीती वाटते. काम संपल्यावर ती मोठ्या अक्षरातला एक तक्ता घेऊन आली, सगळ्यांना वाचून दाखवला आणि भिंतीवर लावला. आमच्या लोकांनी तो तक्ता घेऊन डेपो मॅनेजरांची भेट घेतली. तिच्या पदवीला यामुळे उशीर झाला असं ऐकिवात नाही.

आता मागण्या. शासनाकडे आधी.

दिव्यांगत्व संशोधन समितीच्या सदस्यांची नावं, बैठकांची इतिवृत्तं आणि तिने परवानगी दिलेल्या संशोधनांची यादी दिव्यांग कल्याण विभागाच्या संकेतस्थळावर मराठीत असावी. निम्मे सदस्य कायद्याप्रमाणे असावेतच, आणि त्यात बौद्धिक अक्षमता असलेली किमान एक व्यक्ती असावी, तिला मदतनीस घेऊन बसायची मुभा देऊन. ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढल्याचं राज्याने अभिमानाने सांगितलं होतं. हे त्या विभागाचंच काम आहे.

केंद्राच्या नियमांतली पळवाट केंद्राकडे बंद व्हायची तेव्हा होवो. तोवर राज्यातल्या सर्व विशेष शाळा, कार्यशाळा आणि निवासी संस्थांना एक परिपत्रक काढा: प्रश्नावली, मुलाखत, निरीक्षण, फोटो यांपैकी काहीही असो, केवळ संस्थाप्रमुखांच्या परवानगीवर संशोधन होणार नाही. आणि त्यातच हेही लिहा की नकार दिल्यामुळे कोणाचा प्रवेश, पगार, पिकअपची गाडी किंवा सुट्टी यावर परिणाम झाला तर संस्थेवर कारवाई होईल. हे वाक्य प्रत्येक संमतीपत्राच्या डोक्यावर ठळक छापलेलं हवं, शेवटच्या पानावर बारीक अक्षरात नको.

विद्यापीठांकडे, कमिट्यांकडे आणि मार्गदर्शकांकडे.

सोप्या मराठीतलं, चित्रं असलेलं संमतीपत्र जोडल्याशिवाय आमच्या लोकांवरचा एकही प्रस्ताव मंजूर करू नका. ज्यांना बोलता येत नाही ते मान फिरवून, उठून जाऊन, कागद ढकलून नकार देतात; तो नकार नोंदवण्याची पद्धत प्रस्तावात लिहिलेली असावी. कोणी होकार दिल्यावर मध्येच थांबलं तर थांबा. आईने हो म्हटलं आणि मुलाने नाही म्हटलं तर नाहीच.

दोन पानांचा मराठी सारांश सहभागी कुटुंबांना आणि कार्यशाळेला पोहोचवल्याची पोच जोडल्याशिवाय प्रबंध स्वीकारू नका. एवढी एक अट घाला, बाकी बरंच काही आपोआप सुधारेल.

कामगाराचा अर्धा दिवस घेतलात तर त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी आणि येण्याजाण्याचं भाडं द्या. आमच्या लोकांची मजुरी इतकी कमी असते की कोणत्याही संशोधन निधीला ती जड जाणार नाही.

चेहरा दिसणारा फोटो बुद्ध्यांकाशेजारी, नावाशेजारी किंवा निदानाशेजारी कुठेही छापू नका. आधी छापलेले काढून घ्या.

आणि विषय ठरवण्याआधी आमच्यात या. तुमच्या विभागांनी दरवर्षी एकदा जिल्ह्यातल्या पालक, भावंडं आणि स्वतः दिव्यांग व्यक्तींची बैठक घ्यावी, त्यांना काय कळायला हवंय याची यादी करावी आणि ती यादी नव्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावी. आमची तयार आहे. म्हातारपण आणि स्मृतिभ्रंश, भावंडांची जबाबदारी, आई गेल्यावर घर, मराठीतल्या चाचण्या, कार्यशाळेतली मजुरी, मुलींवरचे अत्याचार आणि त्यांची तक्रार पोलिसात कशी नोंदवली जाते, एसटी. ओझ्यावरचा अजून एक अभ्यास या यादीत नाही.

या पत्राला उत्तर द्यायचं असेल तर ते जाहीर द्या, मराठीत द्या, आणि त्याची एक प्रत छोट्या वाक्यांत, मोठ्या टायपात करून राज्यातल्या सगळ्या कार्यशाळांना पाठवा, म्हणजे ज्यांच्याविषयी हे सगळं आहे त्यांना ते वाचता किंवा ऐकता येईल. त्यांचं म्हणणं तुम्हाला कळवायचं काम आम्ही घरचे करू.

कळावे,
कार्यशाळेतल्या एका कामगाराची ताई
जिल्हा सांगली